आयर्विन पुलावरचे आकडे

पाकीट माझ्या नवऱ्याने स्वारगेटच्या एसटी स्टँडवर फोडलं. पासपोर्ट परत आल्याचा मेसेज आदल्या दुपारी आला होता. रात्रीची गाडी धरून तो सांगलीहून पुण्याला गेला, सकाळी व्हिसा केंद्रातून पाकीट घेतलं आणि परतीच्या गाडीसाठी स्टँडवर आला. केंद्राच्या दारात फोडायचा धीर झाला नाही, असं तो नंतर म्हणाला. डिसेंबर २०१९ चे दिवस. इथे इंग्लंडमध्ये, वुस्टरला, अजून उजाडायचं होतं, मी कामावर न्यायचा डबा भरत होते. फोन वाजला. "नाही म्हणालेत," एवढंच तो बोलला. मागून कंडक्टरची आरोळी येत होती, कराड, इस्लामपूर, सांगली. मग पत्राचे फोटो आले, एकेक पान, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा. मी ते मोठे करून वाचले, डबा पिशवीत घातला आणि कामावर गेले. औषधांच्या दुकानात त्या दिवशी मी प्रत्येक पट्टी दोनदा मोजली. मोजण्यात चुकण्याची भीती तेव्हापासून बसली आहे.

मी मूळची मिरजेची. २००८ च्या सप्टेंबरमध्ये शिकायला इंग्लंडला आले आणि एकामागून एक व्हिसा काढत राहिले. दहा वर्षं पुरी झाल्यावर, २०१८ च्या शेवटी, कायम राहण्याची परवानगी मिळाली. तेहतिसावं सरलं होतं. आईने सुचवलेलं स्थळ सांगलीचं होतं. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब सांभाळणारा, कमी बोलणारा माणूस. व्हिडिओवर चार वेळा बोललो, पाचव्या वेळी दोघांनीही हो म्हटलं. जानेवारी २०१९ च्या शेवटी लग्न झालं. त्यासाठी मी जानेवारी आणि फेब्रुवारी अशी दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती. महिनाभर सासरी राहिले आणि मार्चच्या पहिल्या तारखेला परत काउंटरमागे उभी राहिले.

नकाराची कारणं दोन होती. पहिलं पैशाचं.

२०१२ च्या जुलैपासून ब्रिटनमध्ये नियम आहे की जोडीदाराला बाहेरून बोलवायचं तर इथे राहणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर हवं. तेव्हा ती रक्कम १८,६०० पौंड होती. माझा पगार त्याहून जास्त होता, २१,००० पौंड. म्हणून मी निर्धास्त होते. पण मी जूनमध्ये नोकरी बदलली होती आणि अर्ज ऑक्टोबरमध्ये केला होता. एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील तर चालू पगार पाहतात. सहा महिने झाले नसतील तर चालू पगार बघतातच, शिवाय मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती कमावलं तेही बघतात. त्या बारा महिन्यांत माझी लग्नाची रजा होती. दोन महिने शून्य. बेरीज झाली १७,२०० पौंड. कमी पडले १,४०० पौंड.

म्हणजे लग्नासाठी काढलेली रजाच लग्नाच्या आड आली. डिसेंबरपर्यंत थांबले असते, नव्या नोकरीत सहा महिने भरू दिले असते, तर याच पगारावर ही अट पुरी झाली असती. नियम लिहिलेले होते, जाहीर होते, मला इंग्रजी वाचता येतं. मी 'पगार १८,६०० च्या वर' एवढंच वाचलं आणि पुढचं परिशिष्ट चाळलं. ही चूक माझी आहे आणि ती मी अजून स्वतःला पूर्णपणे माफ केलेली नाही.

तिकडे त्याचा सांगलीतला पगार या हिशेबात शून्य धरला जातो, कारण तो देशाबाहेर आहे. बाबा म्हणाले, मिरजेची जागा विकतो. मी त्यांना सांगितलं की पगाराऐवजी नुसती शिल्लक दाखवायची तर साडेबासष्ट हजार पौंड लागतात, म्हणजे पंचावन्न-साठ लाख रुपये, आणि तेही सहा महिने खात्यात पडून असावे लागतात. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्यात तर दोन लग्नं झाली असती." विषय तिथेच थांबला.

पण मी ऑक्टोबरपर्यंतसुद्धा कशीबशी थांबले होते, त्याचं कारण ऑगस्ट होता.

सांगलीत कृष्णेचं पाणी मोजतात ते आयर्विन पुलाजवळ. १९२९ साली बांधलेला, व्हाइसरॉयचं नाव दिलेला तो दगडी पूल. सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांना ख्यालीखुशाली विचारत नाहीत, "किती झालं?" विचारतात, आणि उत्तर फुटांत येतं. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोयना, वारणा सगळीकडून पाणी आलं. आमचं सासरचं घर गावभागात. तो दिवसभर दुकानातली पोती वरच्या माळ्यावर चढवत होता आणि मला आकडे पाठवत होता. नुसते आकडे. ४५. ४७. तासाने ४८. मग ५०. मी औषधं देता देता खिशातला फोन थरथरला की बघायची. दुसऱ्या दिवशी मारुती चौक पाण्याखाली गेला, वीज गेली, त्याच्या फोनची बॅटरी लाल झाली. तरी तो आकडे पाठवत राहिला, कारण शब्द लिहायला वेळ जातो आणि बॅटरीही जाते. ५३. ५५. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली. ती बातमी मला इथे कळली आणि त्याचा फोन बंद. सात तास काहीही नाही. मी दुकानाच्या मागच्या खोलीत फ्रिजला टेकून बसून होते. इन्सुलिनच्या त्या फ्रिजची घरघर अजून कानात आहे.

रात्री उशिरा मेसेज आला. आधी आकडा, ५७. आणि त्याखाली तीन शब्द: "तू झोप आता."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. लग्न ठरल्यापासून आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणत होतो. मी त्याला अहो म्हणणं घरच्यांना अपेक्षितच होतं. त्याने मला तुम्ही म्हणणं हा त्याचा स्वभाव. महिनाभर एका घरात राहिलो तेव्हाही तो "तुम्ही चहा घेणार का" असंच विचारायचा, आणि सासूबाई स्वयंपाकघरात पदराआड हसायच्या. आमचं लग्न जानेवारीत झालं हे कागदावर आहे. मला विचाराल तर ते ८ ऑगस्टच्या रात्री झालं, त्या एका 'तू'ने. मी उत्तर लिहिलं, "तू पण." मग आम्ही पुन्हा कधी तुम्हीवर गेलो नाही.

नकाराचं दुसरं कारण हेच मेसेज होते.

नातं खरं आहे आणि टिकून आहे हे दाखवायला आम्ही चॅटची पानं जोडली होती, इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराच्या सही-शिक्क्यासह. पत्रात म्हटलं होतं की पती-पत्नी फक्त महिनाभर एकत्र राहिले आहेत. त्यांच्या संभाषणात जिव्हाळा दिसत नाही. बरीच पानं मालाच्या भावांनी आणि संदर्भ नसलेल्या आकड्यांनी भरलेली आहेत. त्यामुळे हे नातं खरं असल्याची खात्री पटत नाही. मी भाषांतर पुन्हा काढून पाहिलं. ५७. यू स्लीप नाऊ. भाषांतर चुकीचं नव्हतं. इंग्रजीत तुम्ही आणि तू दोन्ही 'यू'च. ज्या अधिकाऱ्याने ते वाचलं, त्याच्यापर्यंत जे पोचायचं होतं ते वाटेतच गळून पडलं होतं.

सॉलिसिटर बाईंनी सगळं वाचून दोन रस्ते सांगितले. पैशाची अट जानेवारीत नवा अर्ज करून पुरी करता येईल. १,५२३ पौंडांची फी पुन्हा, क्षयाची तपासणी पुन्हा. इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरलेल्या अधिभाराचे १,२०० पौंड परत मिळतात, फी मिळत नाही. पण नात्याबद्दलचा संशय एकदा लिहिला गेला की पुढच्या अर्जातही तो समोर ठेवला जाणार. तो खोडायचा तर न्यायाधीशासमोर जायला हवं. मुदत अठ्ठावीस दिवसांची, आणि वेळ किती लागेल ते सांगता येत नाही. मी त्याला दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, "उशीर झाला तरी चालेल. खोटं म्हणवून घेऊन यायचं नाही." मी १४० पौंड भरून अपील दाखल केलं.

याच बाईंकडून मला कळलं की या दारात माझ्याआधी कोणकोण उभ्या होत्या. एके काळी इथे स्थायिक झालेला पुरुष परदेशातून बायको आणू शकत असे, पण स्थायिक बाईला नवरा आणणं त्याहून फार अवघड होतं. अब्दुलअझीझ, कबालेस आणि बाल्कंदाली अशा तीन बायका ते प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात घेऊन गेल्या, आणि २८ मे १९८५ ला न्यायालयाने सांगितलं की हा स्त्री-पुरुष भेद आहे. त्यावर सरकारने बायकांची वाट सोपी केली नाही, पुरुषांची तितकीच अवघड केली. त्या काळी जोडप्यालाच सिद्ध करावं लागे की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता. एखादी गोष्ट आपल्या मनात नव्हती, हे कागदावर कसं दाखवायचं? तो नियम १९९७ च्या जूनमध्ये गेला. २०१२ मध्ये उत्पन्नाची रेघ आली. २०१७ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रेघ तत्त्वतः कायदेशीर ठरवली, मुलांच्या हिताचा विचार नियमांत पुरेसा नाही हे मात्र सांगितलं. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंडांवर आहे. माझ्या त्या वेळच्या पगारावर आज मी अर्जसुद्धा करू शकले नसते. औषधांच्या दुकानात, वृद्धाश्रमात, शाळेच्या स्वयंपाकघरात पूर्णवेळ राबणाऱ्या कितीतरी बायका त्या रेघेखाली येतात. कोणाबरोबर संसार करायचा हे पगाराने ठरावं, हे मला मान्य नाही. सौम्य शब्दांत सांगता येत नाही म्हणून असंच लिहिते.

पण नकाराने आमचं खरं काय नेलं, ते पैशाचं नव्हतं आणि वेळेचंही नव्हतं.

"आता सगळं जपून ठेवा," असं बाईंनी सांगितलं होतं. मेसेज, कॉलच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या. मी ते त्याला सांगितलं. त्या रात्री झोपायच्या वेळी त्याचा इंग्रजीत मेसेज आला, आय लव्ह यू. दुसऱ्या रात्री तोच. तिसऱ्या रात्री त्याबरोबर गुलाबाचं चित्र. जो माणूस हळदीच्या भावात मला दिवस सांगायचा, सेलम किती गेली, राजापुरी किती, कुणाचं पोतं भिजकं निघालं, तो आता भाव लिहीत नव्हता. भाव म्हणजे जिव्हाळा नव्हे, हे त्याला पत्राने शिकवलं होतं. मीही बदलले. काही लिहिलं की पाठवण्याआधी पुन्हा वाचायची: हे भाषांतरात कसं दिसेल? एकदा भांडण झालं, साधंच, त्याने आईच्या गुडघ्याचं मला उशिरा सांगितलं म्हणून. मी रागाने चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. फाइलीत भांडण नको. मग फोन केला तर तोही जपून बोलत होता. आमच्या दोघांच्यात एक तिसरा माणूस येऊन बसला होता. त्याला नाव नव्हतं, चेहरा नव्हता, तो फक्त वाचत होता.

फेब्रुवारीत मी त्याला म्हटलं, "ते गुलाब बंद कर. सेलम किती गेली ते सांग." तो खूप दिवसांनी मोकळा हसला.

त्याच महिन्यात डेनिस नावाचं वादळ आलं आणि सेव्हर्न नदी वुस्टरमध्ये शिरली. रेसकोर्सचं तळं झालं, नदीकाठचा रस्ता गेला, हंस पोहत पोहत लोकांच्या फाटकापर्यंत आले. मी टेकाडावर राहते, मला धोका नव्हता. पण मी पुलापर्यंत चालत गेले आणि सरकारी संकेतस्थळावरची पातळी बघून त्याला आकडा पाठवला. मीटरमध्ये. लगेच उत्तर आलं, त्याने त्याचे फूट केले होते. मग दोन दिवस मी मीटर पाठवत होते आणि तो फूट करत होता. फाइलीचा विचार तेव्हा दोघांच्याही मनात नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकते. पुढे सांगितलंही.

मार्चमध्ये जग बंद झालं. भारताची आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, सुनावण्या पुढे गेल्या. तिकडे त्याला लोक विचारत, बायको नेत नाही का? पुरुषाला हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून लोक तो हसत विचारत, आणि तो घरी येऊन जेवण टाकून उठे. हे मला सासूबाईंनी सांगितलं, त्याने नाही. त्यांनी माझी लग्नातली हिरवी साडी दर दोन महिन्यांनी उन्हात घालून, घडी मोडून पुन्हा ठेवली. "कसर लागू नये म्हणून," म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "माझी सून आहे हे मला कुणाला दाखवायला लागत नाही." त्यांना अपील, परिशिष्ट यातलं काही माहीत नव्हतं.

सुनावणी झाली २०२१ च्या सुरुवातीला, व्हिडिओवर. तीनशेच्या वर पानांची फाइल, प्रत्येक पानाला क्रमांक. मी माझ्याच टेबलापाशी, मागे कोरी भिंत. तो त्यात नव्हता. साक्ष माझी एकटीची होती. सांगलीत तो फोन समोर ठेवून बसला होता, एवढंच मला माहीत होतं. पैशाचं दहा मिनिटांत आटोपलं, कारण नव्या नोकरीची दीड वर्षाची पगारपत्रकं समोर होती. मग सरकारी बाजूच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं की लग्नाला सहा महिने झालेले पती-पत्नी एकमेकांना नुसते आकडे का पाठवतील. मी आयर्विन पूल सांगितला. चाळीस, पंचेचाळीस सांगितलं. बोट उलटल्याचं सांगितलं, सात तास सांगितले. सांगताना माझा आवाज गेला. न्यायाधीश बाई थांबल्या, पाणी घ्या म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतः विचारलं, "त्या रात्रीनंतरच्या मेसेजमध्ये तुमच्या मते काही बदललं का?" मी तुम्ही आणि तू सांगितलं. मराठी उच्चार त्यांनी दोनदा ऐकून घेतला. शाळेत त्या फ्रेंच शिकल्या होत्या, म्हणाल्या, तिथेही असे दोन शब्द आहेत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी निकाल आला, अपील मंजूर. निकालपत्रात एक परिच्छेद होता: अपीलकर्त्याच्या संदेशांतील आकडे हे नदीच्या पाणीपातळीचे आहेत आणि त्या काळात दोघांच्या संबोधनात झालेला बदल नात्याच्या खरेपणाशी सुसंगत आहे. मी तो त्याला फोनवर मराठीत करून सांगितला. तो म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला.

त्यानंतरही महिने गेले. दुसरी लाट आली, एप्रिलमध्ये ब्रिटनने भारताला प्रवेशबंदीच्या लाल यादीत टाकलं. पासपोर्टवर व्हिसा लागला तो जुलैत, आणि त्याच जुलैत कृष्णा पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेली. या वेळी आकडे आले तेव्हा खाली एक ओळ असायची: "पासपोर्ट माळ्यावर आहे." ऑगस्टच्या ८ तारखेला लाल यादीतून नाव निघालं. महिना संपायच्या आत तो निघाला.

तिसरा माणूस त्यानंतरही पूर्ण गेला नाही. तेहतीस महिन्यांनी मुदतवाढ करावी लागते, तिथे एकत्र राहत असल्याचे पुरावे लागतात, दोघांच्या नावाची पत्रं, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली. पाण्याचं बिल, बँकेचं पत्र, दवाखान्याची चिठ्ठी. आमच्या स्वयंपाकघरातल्या एका खणात दोन वर्षं पाकिटं साठत होती. मुदतवाढ मिळाली तरी तो खण मी अजून रिकामा केलेला नाही.

पण ज्या दिवशी तो आला त्या संध्याकाळचं सांगून थांबते. त्याला झोप येत नव्हती. मी त्याला नदीवर नेलं. कॅथेड्रलच्या खाली जुना पाणदरवाजा आहे, त्याच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत, प्रत्येक खुणेपाशी वर्ष. त्याने एकेक वर्ष वाचलं, खालून वर. १९४७ च्या खुणेवर हात ठेवला, मग १७७० ची शोधली. नदीकडे बघितलं, ती शांत होती, खाली होती. "इथली धोक्याची पातळी किती?" त्याने विचारलं. मी सांगितली. त्याने मनात फूट केले आणि मान हलवली.

रात्री मी भांडी घासत होते. फोन ओट्यावर होता, वाजला नाही, वाजणारही नव्हता. आतल्या खोलीतून हाक आली.

"अगं, इथला दिवा कुठून बंद करायचा?"